गॅस की डिझेल? प्रश्न जुनाच आहे

डहाणू-तलासरीत चिकू, भाजी, गवत वाहणाऱ्या छोट्या गाडीमालकापुढे आज एक प्रश्न आहे: नवी गाडी सीएनजीची घ्यावी की डिझेलची? प्रश्न नवा वाटतो. पण मालगाडीचे इंधन बदलण्याची वेळ आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वीही आली होती.

त्या काळी बहुतेक ट्रक पेट्रोलवर चालत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि गाड्यांना मागे भट्टी लागली. तिच्यात लाकडी कोळसा जळे आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चाले. गाडीची ताकद मात्र बरीच घटे, चढावर दम लागे. युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले आणि भट्ट्या गेल्या.

डिझेलने बाजी मारली ती पुढे. १९५४ साली टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला सुरुवात केली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की त्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे कमी इंधनात जास्त काम होते आणि कमी वेगातही जोर मिळतो. कासामार्गे जव्हारचा घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीला हाच जोर लागतो. शिवाय सरकारने डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो दर बाजारावर सोडला गेला आणि गॅसचा हिशेब पुन्हा मांडला जाऊ लागला.

माझे मत असे: भरलेला माल घेऊन रोज घाट चढायचा असेल, लांब जायचे असेल, तर डिझेल. सपाटीवरून ठरलेल्या वाटेने, पंपाच्या आवाक्यात फिरायचे असेल, तर सीएनजी. गॅसच्या टाक्या जड असतात, तेवढा माल कमी बसतो. त्याबदली धूर कमी होतो, आणि १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेल्या डहाणू तालुक्यात ही गोष्ट लहान नाही.

पण वाहतुकीचा हिशेब इंधनावर संपत नाही, हे याच मातीने शिकवले आहे. २३ मे १९४५ रोजी झरीला वारली जमले आणि वेठबिगारीला नकार दिला. मग त्यांनी ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह माणसे मेली. मुंबईच्या तबेल्यांत जाणारे गवत स्वस्त होते, कारण ते कापणाऱ्याचे श्रम जवळजवळ फुकट धरले जात.

आजही किलोमीटरमागे किती पैसे वाचले हे आपण मोजतो. गॅसच्या रांगेत चालकाचे तास जातात, ते कोणी मोजत नाही. ट्रिपवर पैसे घेणाऱ्या चालकाला त्या तासांचे काहीच मिळत नाही. गाडी कोणतीही घ्या, तो आकडाही वहीत लिहा. मगच कोणते इंधन खरोखर स्वस्त, ते कळेल.