फिलेमोनला पत्र

बायबलच्या नव्या करारातील, आरंभीचा ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याचे सर्वांत छोटे पत्र. अवघी 25 वचने. पौलाने ते तुरुंगातून लिहिले. रोमच्या तुरुंगातून लिहिले असल्यास काळ इ. स. 60 नंतरचा, इफिसमधून असल्यास काही वर्षे आधीचा. फिलेमोन हा गुलाम बाळगणारा ख्रिस्ती गृहस्थ, बहुधा आशिया मायनरमधील कलस्सै गावचा. त्याच्या घरी ख्रिस्ती मंडळी जमत असे. त्याचा गुलाम अनेसिम पौलाकडे आला आणि तिथे ख्रिस्ती झाला. तो पळून आला होता असे परंपरा मानते. पत्रात तसे स्पष्ट म्हटलेले नाही, पण त्याने काही नुकसान केले असेल हे पौल धरून चालतो.

रोमन कायद्यात पळालेल्या गुलामाला दडवून ठेवणे ही चोरी ठरे, आणि सापडलेल्या गुलामाच्या कपाळावर डागही दिला जाई. अनेसिमला आपल्याजवळच ठेवावे असे पौलाला मनापासून वाटत होते, तरी फिलेमोनच्या संमतीवाचून काही न करता त्याने त्याला परत धाडले. या निर्णयातला खरा धोका अनेसिमच्या वाट्याचा होता, हे वाचताना विसरू नये.

पत्रातले मागणे थोडक्यात असे: याला गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून स्वीकार, माझे करशील तसेच याचे स्वागत कर. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. कैदेतल्या माणसाने घेतलेली ही हमी हाच पत्राचा गाभा. काही दशकांनी रोमन लेखक धाकटा प्लिनी यानेही साबिनियानस या परिचिताकडे त्याच्या एका मुक्त केलेल्या गुलामासाठी रदबदली केली. तो माणूस रडला, पाया पडला, त्याला खरा पश्चात्ताप झाला आहे, अशी ग्वाही प्लिनी देतो. अनेसिमच्या पश्चात्तापाबद्दल पौल चकार शब्द काढत नाही. क्षमेची लायकी सिद्ध करण्याचा भार त्याने अनेसिमवर टाकलेलाच नाही. त्याच्या चुकीची भरपाई तेवढी स्वतःकडे घेतली आहे. लायकी न पाहता केलेल्या ख्रिस्ती प्रीतीचे याहून रोखठोक उदाहरण नव्या करारातील पत्रांत क्वचितच सापडेल.

अनेसिमला मुक्त कर, असे मात्र पौल उघड म्हणत नाही. या मोघमपणाची किंमत पुढे दुसऱ्यांनी मोजली. अमेरिकेत गुलामगिरीचे विरोधक ‘प्रिय भाऊ’ म्हणणाऱ्या 16 व्या वचनावर बोट ठेवत, तर समर्थक पळालेल्यांना परत पाठवण्यासाठी याच पत्राचा आधार घेत. 1833च्या सुमारास जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स या धर्मोपदेशकाने गुलामांच्या मोठ्या सभेत या पत्रावर प्रवचन करून पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. असले पत्र बायबलात नाहीच, असे काहींनी त्याला ठणकावून सांगितले. ही हकीकत खुद्द जोन्सनेच नोंदवून ठेवली आहे.