चाकाचे नट आणि त्यांचे वर्तुळ : प्रस्तावना

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ऑटो एक्स्पोत टाटांची नॅनो पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा बोलणे झाले ते एक लाख रुपयांच्या किमतीविषयी. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी खर्च कुठे वाचवला हे पाहायचे असेल, तर मात्र वाकून चाकाकडे पाहावे लागे. तिथे चार नव्हे, तीनच नट होते. सुमारे सहाशे किलोची गाडी आणि बारा इंची चाके असतील, तर तीन पुरतात असा तो हिशेब होता. चाकाला नट किती आणि ते किती मोठ्या वर्तुळावर, हे प्रत्येक कंपनी आपापले का ठरवते, या प्रश्नाकडे नेणारी वाट अशा हिशेबांतूनच जाते.

दिल्ली परिसरातल्या मराठी वाचकांनी हा विषय लांबचा मानू नये. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेपासून करोल बागेतला मोटारींच्या सामानाचा बाजार फार दूर नाही. तिथे अलॉय व्हील विकत घेऊ लागलात की गाडीच्या नावामागोमाग ‘पीसीडी’ची गोष्ट निघतेच. नटांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ‘४ × १००’ म्हणजे चार भोके, १०० मिलिमीटरचे वर्तुळ. मारुती ८०० ला चार भोके ११४.३ वर, इनोव्हाला पाच भोके त्याच ११४.३ वर, जिप्सीला पाच १३९.७ वर. हे ‘पॉइंट तीन’ आणि ‘पॉइंट सात’ कुठून आले, असे वाटले असेल, तर तुम्ही या विषयाच्या उंबरठ्यावर आलाच आहात.

प्रथम एक समज सोडून द्यावा लागतो. गाडीचे वजन नटांच्या दांड्यांवर टांगलेले नसते. नट आवळला की चाक हबवर, म्हणजे ते जिथे बसते त्या मधल्या भागावर, दाबले जाते, आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण सारा भार पेलते. बारा मिलिमीटरचा नट १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर ढोबळ गणिताने सुमारे चार टनांचा दाब पडतो. चार नटांचा मिळून सोळा टन! म्हणून नट किती हवेत, हे गाडीचे वजन, ब्रेकची ताकद आणि वळणावर चाकाला बसणारा पीळ पाहून ठरते. वर्तुळ मोठे केले की तो पीळ सोसायला पकड चांगली मिळते, पण हब आणि त्याबरोबर वजन वाढते. लहान केले तर हलके होते, पण बेअरिंगला आणि हबच्या गाभ्याला जागा उरायला हवी.

एवढ्यानेच सारे ठरले असते, तर सारख्या वजनाच्या गाड्यांचे आकडेही सारखे आले असते. ते येत नाहीत, कारण दुसरा निर्णायक घटक इतिहास आहे, आणि मला स्वतःला तोच अधिक रसाळ वाटतो. ११४.३ मिलिमीटर म्हणजे नेमके साडेचार इंच, १३९.७ म्हणजे साडेपाच. महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी पाश्चात्त्य गाड्या जोडायला घेतल्या, निस्सानने १९५२ मध्ये ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला. जपान मेट्रिक झाला तरी इंचांची मापे चाकांत टिकून राहिली, आणि सुझुकीमार्फत १९८३ साली मारुतीच्या गुडगावच्या कारखान्यातही आली. जर्मनीत फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलला तर पाच बोल्ट तब्बल २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर होते, कारण तिथे चाकाची कड थेट ब्रेकच्या ड्रमला जोडलेली असे.

एकदा ठरलेले वर्तुळ बदलणे महाग पडते. हब, ब्रेकची डिस्क, रिमचे साचे, सारे बदलावे लागते. शिवाय नव्या चाकाच्या चाचण्या नव्याने आल्या. मानेसरच्या आयकॅटसारख्या वाहन-चाचणी संस्थेत अलॉय चाक वाकवण्याच्या थकव्याला, भाराखाली फिरण्याला आणि आघाताला कसे टिकते, हे तपासले जाते. एकाच सांगाड्यावर चार मॉडेल काढणारी कंपनी म्हणूनच वर्तुळाला सहसा हात लावत नाही.

मग सर्वांनी मिळून एकच माप का ठरवले नाही? जड ट्रकांकडे पाहा. तिथे दहा स्टड, ३३५ मिलिमीटर हे माप अनेक देशांत रुळले आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानकांतही त्याला जागा आहे. माझ्या मते फरक गिऱ्हाइकाचा आहे. शंभर ट्रकांच्या मालकाला एकाचे चाक दुसऱ्याला लागणे हवे असते आणि तो ते मागू शकतो. एका मोटारीच्या मालकाला दुसऱ्या कंपनीचे चाक हवेच असते कुठे? स्टेपनी तर गाडीबरोबरच मिळते.

नव्या वाचकांनी पीसीडी जुळली म्हणजे चाक बसले, असे मानू नये. गुडगाव-मानेसरची स्विफ्ट आणि ग्रेटर नोएडात बनलेली होंडा सिटी, दोघींची मापे ४ × १००. पण सिटीच्या रिमचे मधले भोक ५६.१ मिलिमीटरचे, स्विफ्टचे ५४.१. सिटीची रिम स्विफ्टवर सैल बसते, स्विफ्टची सिटीवर चढतच नाही. नटांचे आटे वेगळे, नटाची बैठक एकीची शंकूसारखी, दुसरीची गोल. याहून फसवी जोडी फियाट पॅलिओची: तिचे वर्तुळ ९८. प्रत्येक भोकात एकच मिलिमीटरचा फरक, त्यामुळे १०० च्या हबवर नट शिरतो, आवळल्यासारखा वाटतो, आणि तिरका बसतो.

पुढील प्रकरणांकडे वळण्यापूर्वी एक मोजमाप शिकून घ्या. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतील अंतर म्हणजेच पीसीडी. पाच भोकांत समोर भोकच नसते. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजून १.७०१ ने गुणावे. मायापुरीच्या भंगार बाजारात एखादी रिम हातात आली, अंतर ६७ मिलिमीटरच्या आसपास भरले, तर ती ११४.३ ची आहे. अशी रिम कोणत्या गाड्यांना चालते आणि कोणत्यांना नाही, ते तिसऱ्या प्रकरणात पाहू.