पवनेकाठचा मुक्काम

माझ्या वर्गातील एका मुलाने मागे निबंधात लिहिले, की नदीकाठी तंबू ठोकून राहण्याची हौस आपल्याकडे साहेबाने आणली. गुण मी कापले नाहीत. पण चिंचवडात राहून असे लिहावे, याचे नवल वाटले.

ज्या गावाहून मोरया गोसावींच्या परंपरेतील पालखी वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, मोरगावला निघते, त्या गावाला मुक्काम म्हणजे काय ते कोणी शिकवावे? पवनेचा काठ सोडून कऱ्हेचा काठ गाठायचा. वाटेत जेथे सावली व पाणी, तेथे वस्ती. तीन दगडांची चूल आणि वर आभाळ! साहेब आला तो पुढे. १८०९ साली मारिया ग्रॅहम ही बाई मुंबईहून पुण्याकडे येताना चिंचवडचे देव पाहून गेली; तिचे प्रवासवर्णन १८१२ साली छापून निघाले.

आजचे तंबू मात्र वर मावळात, पवना धरणाच्या जलाशयाभोवती दिसतात. शनिवारी संध्याकाळी तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी शेकोट्या पेटतात. देखावा सुंदर, यात शंका नाही. पण १९७२ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या धरणाखाली शेते आणि घरे गेली, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अर्धशतकभर रेंगाळला. धरणाचे पाणी नदीच्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते; तेथून उचलून, निगडीला शुद्ध करून ते आमच्या नळाला सोडतात. ते पात्राऐवजी बंद नळातून न्यावयाचे ठरले, तेव्हा काठचे शेतकरी बिथरले. नदीत पाणी नसेल तर मोटारपंप कशावर चालवायचा? ९ ऑगस्ट १९११ नव्हे, २०११! स्वराज्यातच बऊर येथे द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी प्राणास मुकले.

आणि खाली चिंचवडला? पावसाळ्यात पूर आला की पवना मोरयाच्या समाधिमंदिरात शिरते. एरवी तिच्यात शहराचे सांडपाणी मिसळते, कारखान्यांचेही.

मुलांना हे सारे सांगितले. कोपऱ्यातून तोच मुलगा म्हणाला, "गुरुजी, मग आपण आपल्याच घाटावर का जात नाही?"

गेलो. कार्तिकात आवळीभोजन केले. पिठल्यात थोडी राख पडली, भाकऱ्या एका बाजूने करपल्या, पोरांनी त्या फस्त केल्या. हात धुवायला पाणी मात्र घरून, नळाचे, कळशा भरून नेले होते.