शिस्त, माशी आणि दोन हजार यार्ड

कॉलेजात एन.सी.सी.च्या परेडला आम्हाला थ्री नॉट थ्री रायफल मिळायची. जड, तेलाचा वास येणारी, दस्त्याचं लाकूड कित्येक हातांनी गुळगुळीत केलेलं. पहिल्या दिवशी उस्ताद म्हणाले, ‘शिस्त लो!’ म्हणजे दस्ता खांद्याला लावा, डोळा खाचेच्या रेषेत आणा आणि नेम धरा. तो शब्द तिथे, त्या अर्थाने ऐकून मी चमकलो होतो. पुढे कळलं की तोच त्याचा जुना अर्थ. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतो ती अंगठीही. त्यावरून नेम. जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणेच. आपण आज शाळेत मुलांना लावतो ती शिस्त नंतरची. फौजेच्या हिंदीत मात्र मूळ अर्थ अजून नांदतो आहे.

नेम धरायला दोन खुणा लागतात. नळीच्या टोकाला उभा दाणा, त्याला माशी म्हणतात. आणि डोळ्याच्या बाजूला खाच, म्हणजे बॅकसाइट. थ्री नॉट थ्रीची बॅकसाइट म्हणजे नळीवर आडवी पडलेली बोटभर लांबीची पोलादी पट्टी. तिच्यावर आकडे कोरलेले, २०० पासून २००० यार्डांपर्यंत. एक सरकती चकती असते. बाजूचं बटण दाबून ती पुढे ढकलली की पट्टीचं खाचेकडचं टोक केसाएवढं वर येतं. खाच वर आली की तिच्यातून माशी दिसावी म्हणून नळीचं तोंडही उचलावं लागतं, आणि गोळी लांब जाते. सगळं गणित एवढंच. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते, म्हणून लांब मारायचं तर वर धरावं लागतं. किती वर, ते ही पट्टी सांगते.

पण २००० यार्ड म्हणजे मैलाहून जास्त. चांदमारीत शंभर यार्डांवरचं टार्गेट नीट दिसायची मारामार, तिथे मैलभरावरचा माणूस या माशीआड आख्खा झाकला जाईल. मग हे आकडे कुणी आणि कशासाठी कोरले? या प्रश्नाने मला बॅकसाइटच्या कुळाकडे नेलं.

कुळाच्या मुळाशी बॅकसाइट नाहीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या खांद्यावर असायची त्या ‘ब्राउन बेस’ घराण्यातल्या बंदुकीला मागे खाच नव्हती. पुढचा दाणा होता, त्याचाही उपयोग संगीन अडकवायला व्हायचा. नळी आतून गुळगुळीत, गोळी तिच्यात सैल. शंभर यार्डांपुढे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नव्हता, म्हणून रांगेने रांगेवर बार काढायचे. शिपायाने नेम धरावा अशी अपेक्षाच नव्हती.

हे बदललं ते फ्रेंच अधिकारी क्लोद एत्येन मिन्ये यांच्या नावाच्या गोळीने, १८४९ साली. बुडाशी पोकळ असलेली ही निमुळती गोळी बार उडताच फुगते आणि नळीतल्या वळणदार खोबणींना घट्ट धरते. इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड रायफल याच जातीची, आणि तिच्यावर आली शिडीची साइट. जवळच्या मारासाठी तळाशी पायऱ्या, १०० ते ४०० यार्डांच्या. त्यापुढे शिडी उभी करायची आणि तिच्यावर खाच चढवत न्यायची, ९०० आणि काहींवर त्याहूनही पुढे. मिन्येची गोळी जड आणि संथ, तिची कमान उंच. अंतराचा अंदाज चुकला तर ती डोक्यावरून जायची किंवा पायाशी माती उडवायची. म्हणून इंग्लंडात हाइथ इथे १८५३ साली नेमबाजीची शाळा निघाली. तिथे शिपायांना अंतर ओळखायला शिकवत: समोरच्या माणसाच्या अंगावरचं काय काय दिसतं, आणि काय दिसेनासं झालं. साइटवर आकडे आले आणि शिपायाच्या डोळ्यांना किंमत आली.

याच एनफिल्डच्या काडतुसाने १८५७ पेटलं, हे शाळेत सगळेच शिकतात. या साइटचं पुढे काय झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. १२ जुलैला फत्तेपूरला इंग्रज सेनानी हॅवलॉकच्या फौजेने एनफिल्डमधून लांबूनच मारा सुरू केला, तेव्हा समोरच्या बहुतेकांच्या हातात जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. हा फरक इंग्रजांनी नीट ध्यानात ठेवला. १८५८-५९ मध्ये एतद्देशीय पलटणींसाठी एक वेगळी बंदूक काढली. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड. आतून खोबणी गायब, नळी रुंद करून .६५६ इंचाची गुळगुळीत केलेली. आणि शिडीच्या जागी एकच न हलणारी खाच. पायऱ्या गेल्या, सरकपट्टी गेली, आकडे गेले. मला ती बोटभर लोखंडाची खाच फार बोलकी वाटते. या शिपायाने लांबचं मारू नये, लांबचं मोजूही नये, हे धातूत घडवलेलं धोरण होतं. पुढेही गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली तेव्हा हिंदी पलटणींच्या हाती तिच्या आधीची स्नायडर आली. गोऱ्यांना मॅगझिनची रायफल आली तेव्हा मार्टिनी. एक पिढी मागे, ठरवून.

त्याच काळात युरोपात आकडे वाढत चालले होते. १८८८ च्या ली-मेटफर्डला नेहमीच्या साइटशिवाय डाव्या अंगाला आणखी एक साइट होती: पुढे लाकडावर फिरणारी तबकडी, मागे बोल्टपाशी बारीक भोकाची काडी. हिची मजल दीड मैलाहून जास्त. हा एका माणसावरचा नेम नव्हता. अधिकारी अंतर सांगणार, आख्खी कंपनी तबकड्या फिरवणार आणि दूरच्या टेकडीवर गोळ्यांचा सडा पडणार. २००० यार्डांच्या आकड्याचा उगम या सांघिक माऱ्यात आहे. पट्टीवरचे आकडे कंपनीचे होते, एकट्या शिपायाचे नव्हते.

आमच्या हातातली पट्टी याच कुळातल्या १९०७ च्या मार्क ३ रायफलची. १९१० साली टोकदार, वेगवान मार्क ७ गोळी आली, तिची कमान सपाट, त्यामुळे जुन्या गोळीची मापं निरुपयोगी झाली. १९१४ मध्ये हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या, त्यामागे हेही कारण होतं. आणि मग खंदक आले. शत्रू पन्नास-शंभर पावलांवर, तबकडी कुणी फिरवायची? मार्क ३ च्या पुढच्या सोप्या अवतारात ती तबकडी गेली, खाच डावी-उजवीकडे सरकवण्याचा स्क्रूही गेला. जर्मनांची अडचण उलटी होती. त्यांच्या गेवेर ९८ ची साइट ४०० मीटरपासूनच सुरू व्हायची, त्यामुळे जवळच्या माणसावर गोळी वरून जाऊ नये म्हणून खाली धरावं लागे.

लढाई जवळूनच होते, हा धडा लगेच सगळ्यांनी घेतला असं नाही. जपान्यांनी टाइप ९९ रायफलच्या साइटला दोन घडीचे पंख लावले, विमानावर नेम धरताना किती पुढे धरायचं हे दाखवायला. इंग्रजांनी मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ रायफलवर खाच टाकून डोळ्याजवळ गोल भोक आणलं. त्यातून पाहताना डोळा माशी आपोआप मधोमध आणतो, म्हणून घाईने भरती केलेल्या पोरांनाही ते लवकर जमायचं. तिचा एक प्रकार तर नुसत्या दोन भोकांचा होता, ३०० आणि ६०० यार्ड. कलाश्निकोव्हने खाचेची पट्टी ठेवली, पण ८०० मीटरवर थांबवली.

आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्री इंग्रजांच्या काळापासून बनत होती. १९६२ च्या चीनयुद्धानंतर तिथेच तिची ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती निघाली, २ए. तिच्यावर आधी जुनीच २००० ची पट्टी होती. मग २ए१ आली, आणि तिची पट्टी ८०० मीटरवर संपते.