खडपावरची लाट

समुद्राकाठच्या माणसाला रेती आवडते, असा शहरातल्या लोकांचा समज असतो. आमच्या रत्नागिरीकडच्या दालदी वस्तीत मात्र रेतीला फारसा मान नव्हता. माझे आजोबा मच्छिमार. ते म्हणायचे, "रेती दर पावसाळ्यात घर बदलते. खडप कुठं जात नाही." खडप म्हणजे पाण्याखाली पसरलेला खडक. ओहोटीला तो डोकं वर काढतो, भरतीला दडून बसतो. होडी कुठून काढायची आणि कुठून काढायची नाही, हे आजोबा नुसत्या पाण्याकडे बघून सांगत. लाट जिथं रोज एकाच जागी फुटते, तिथं खाली खडप आहे असं समजायचं, वर काही दिसो न दिसो.

आज मी ज्या खडपाबद्दल बोलणार आहे, ते आपल्या किनाऱ्यावर नाही. ते पॅसिफिक महासागरात, हवाई बेटांतल्या होनोलुलू शहराला लागून आहे. त्या जागेचं नाव वायकिकी. मी तिथं गेलेलो नाही. जे सांगतो आहे ते वाचून, आणि वाचता वाचता आजोबांच्या खडपाची आठवण होत राहिली म्हणून.

फळीवर उभं राहून लाटेवरून किनाऱ्याकडे येण्याला जग आज सर्फिंग म्हणतं. हवाई भाषेत त्याला 'हेए नालू' म्हणतात. नालू म्हणजे लाट आणि हेए म्हणजे सरकणं. वायकिकीची लाट आधी समजून घेऊ. आपल्याकडे पावसाळा असतो त्या दिवसांत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तिथली वादळं समुद्र घुसळतात आणि त्या लाटा हजारो किलोमीटर चालून हवाईला पोहोचतात. खोल पाण्यात त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. उथळ पाण्यात शिरल्या की लाटेचा तळ अडखळतो, मागचं पाणी पुढं रेटतं, लाट उभी राहते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पट उरली की माथा कोसळतो. तळाला रेती असेल तर ती सरकते आणि लाट फुटण्याची जागाही तिच्याबरोबर सरकते. तळाला खडक किंवा प्रवाळ असेल तर पणजोबांनी पाहिलेली लाट पणतूला त्याच जागी सापडते. वायकिकीचा प्रवाळाचा पट्टा रुंद आणि कमी उताराचा आहे. त्यामुळे तिथली लाट एकदम आदळत नाही, माणसाला खांद्यावर घेऊन लांबवर नेते.

जागा कायम असली की तिला नाव पडतं. आपल्याकडे शेताला असतं, डोंगराच्या सुळक्याला असतं. हवाईच्या लोकांनी लाटांना नावं दिली. वायकिकीच्या बाहेरच्या अंगाला फुटणाऱ्या एका मोठ्या लाटेचं नाव 'कलेहुआवेहे', म्हणजे गळ्यातून काढलेला लेहुआच्या फुलांचा हार. पिईकोई नावाचा दंतकथेतला वीर तिथं राजाच्या बायकोबरोबर लाटेवर स्वार झाला आणि आपला हार काढून त्यानं तिला दिला, अशी कथा सांगतात. जी माणसं फुटून जाणाऱ्या पाण्याला असं नाव देतात, त्यांची भाषा किती श्रीमंत असेल!

युरोपच्या लोकांनी हा खेळ लिहून ठेवला तो कॅप्टन कुकच्या सफरीत. कुक १७७८ साली हवाईला पोहोचला आणि १७७९च्या फेब्रुवारीत केआलाकेकुआच्या उपसागरावर मारला गेला. त्याच्यामागे लेफ्टनंट जेम्स किंगनं सफरीची हकिगत पुरी केली. धारदार काळ्या खडकांच्या दिशेनं माणसं फळीवरून सुसाट येताना पाहून किंग हबकला होता. आता यांच्या चिंधड्या होणार असं त्याला वाटलं. पण खडक अगदी जवळ आला की ती माणसं फळी सोडून पाण्याखाली बुडी मारत. ज्याला तो जीवघेणा धाडसीपणा म्हणत होता, तो त्यांचा रोजचा खेळ होता. त्यात बायका होत्या, मुलं होती, राजेही होते. सरदारांच्या लांब फळीला 'ओलो' म्हणत. माणसाच्या दुपटीहून लांब असलेल्या अशा फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही आहेत. ओलो शक्यतो विलीविली या हलक्या लाकडाची करत. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं. छोट्या फळ्यांना कोआचं किंवा नीरफणसाचं लाकूड वापरत. नीरफणस म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला ते बेट काही फार परकं वाटत नाही.

पुढची शंभर वर्षं वाईट गेली. परक्या जहाजांतून रोग आले. देवी, गोवर, इन्फ्लुएंझा. कुकच्या काळी बेटांवर काही लाख माणसं असावीत असे अंदाज आहेत. १८९०च्या शिरगणतीत हवाई वंशाची माणसं सुमारे ४० हजार उरली होती. सरदारांनी रयतेला चंदन तोडायला डोंगरात पिटाळलं. १८१९मध्ये जुनी धर्मव्यवस्था मोडली आणि तिच्याबरोबर खेळांचा वार्षिक उत्सवही गेला. १८२०मध्ये अमेरिकी मिशनरी आले. लाटेवरचा खेळ कमी झाला तो सभ्यता, उद्योग आणि धर्म वाढल्यामुळे, असं त्यांच्यातल्या हायरम बिंगमनं लिहून ठेवलं आहे. खेळायला माणसंच उरली नव्हती, हे त्या यादीत नाही.

१८९३च्या जानेवारीत राणी लिलिउओकलानीचं राज्य अमेरिकी व्यापाऱ्यांच्या गटानं उलथवलं. १८९६मध्ये शाळांत शिकवण्याची भाषा इंग्रजीच हवी असा कायदा झाला. १८९८मध्ये अमेरिकेनं बेटं आपल्यात सामील करून घेतली. राज्य गेलं, शाळेतली भाषा गेली. लाट तेवढी होती तिथंच फुटत होती.

इथून पुढची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. पहिली अशी : हवाईचा हा खेळ मेलाच होता. १९०७ साली कादंबरीकार जॅक लंडन वायकिकीला आला, लाटेवर उभं राहायला शिकला, उन्हानं होरपळून अंथरुणाला खिळला आणि त्यानं त्यावर लेख लिहिला. त्याला शिकवणारा अलेक्झांडर ह्यूम फोर्ड यानं १९०८मध्ये 'आउटरिगर कनू क्लब' काढला आणि खेळ पुन्हा जिवंत झाला. या क्लबचे बहुतेक सभासद गोरे होते.

दुसरी गोष्ट हवाईचे लोक सांगतात. आयझाया हेलेकुनिही वॉकर या हवाई इतिहासकारानं २०११च्या आपल्या पुस्तकात ती मांडली आहे. खेळ रोडावला हे खरं, पण थांबला कधीच नाही. १८६०च्या दशकात जॉन पापा ई हा जुना दरबारी हवाई भाषेतल्या वृत्तपत्रात फळ्यांची आणि लाटांची माहिती लिहीत होता. १८८५मध्ये कॅलिफोर्नियात शिकणारे तीन हवाई राजपुत्र सांताक्रूझच्या समुद्रात रेडवूडच्या फळ्यांवर उभे राहिले होते. आणि वायकिकीची पोरं तर रोज पाण्यात होती. त्यांनी आपली मंडळी काढली, 'हुई नालू', म्हणजे लाटेची मंडळी. १९११मध्ये ती रीतसर स्थापन झाली. बैठक मोआना हॉटेलसमोरच्या झाडाखाली.

ही दुसरी गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास येतं आणि प्रेमानंच विचारतं, "तुम्ही मुसलमान असून इतकी छान मराठी कुठे शिकलात?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, म्हणून मी हसतो. पण मराठी मला कुणी शिकवायला आलंच नव्हतं. दादी मला याच भाषेत झोपवायची आणि याच भाषेत रागावायची. बाजारात आजोबांनी माशांचा भाव याच भाषेत केला. जे घरात होतंच ते तुम्हाला बाहेरून मिळालं असं कुणी कौतुकानं सांगू लागलं की काय वाटतं, ते हुई नालूच्या पोरांना नेमकं कळलं असेल.

त्या पोरांतलाच एक ड्यूक कहानामोकू. जन्म १८९०, होनोलुलू. १९११च्या ऑगस्टमध्ये बंदरातल्या पाण्यात तो १०० यार्ड ५५.४ सेकंदांत पोहला. जागतिक विक्रमाहून ४.६ सेकंद कमी! अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. पाण्याच्या ओढीची मदत झाली असणार, अशा शंका निघाल्या आणि विक्रम नामंजूर झाला. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं १०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. १९२०मध्ये अँटवर्पला पुन्हा जिंकलं. १९१४च्या डिसेंबरात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यानं स्वतः पाइनच्या लाकडाची फळी तासली आणि लोकांना लाटेवरची स्वारी दाखवली. ती फळी अजून तिथल्या क्लबात जपून ठेवली आहे. १९२५च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात एक बोट उलटली, तेव्हा फळीवरून पुन्हा पुन्हा खवळलेल्या पाण्यात शिरून त्यानं आठ जणांना वाचवलं. तेव्हापासून जीवरक्षकांच्या साहित्यात फळीला मानाची जागा मिळाली.

इकडे वायकिकी बदलत होतं. तिथं अळूची आणि भाताची खाचरं होती, मत्स्यतळी होती. १९२०च्या दशकात कालवा खणून ओढे वळवले, पाणथळ जमीन भरली आणि हॉटेलं वाढली. १९६०च्या दशकात पुढची पायरी आली. किनारा रुंद करण्यासाठी समोरच्या प्रवाळावरच भर टाकायची योजना निघाली. खडप बुजलं की लाट गेली. तिची नावंही गेली. त्या वेळी 'सेव्ह अवर सर्फ' नावाची चळवळ उभी राहिली. तिचा पुढारी जॉन केली हा गोरा होता. पण तो होनोलुलूच्या किनाऱ्यावर वाढलेला. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यानं पत्रकं छापली, कुठल्या लाटेखाली कसला तळ आहे याची माहिती गोळा केली. १९७१मध्ये ही मंडळी मोर्चानं विधानभवनावर गेली. प्रवाळ बुजवण्याचे कितीतरी बेत मागे घ्यावे लागले.

केलीची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. फोर्ड परका आणि केली आपला, असं रंगावरून ठरत नाही. खडपावर भर पडणार म्हटल्यावर कोण धावून येतं, त्यावरून ते ठरतं.

१९७८मध्ये हवाईच्या राज्यघटनेनं हवाई भाषेला पुन्हा अधिकृत भाषेचा दर्जा दिला. १९८४मध्ये 'पूनाना लेओ' नावाची पहिली बालशाळा उघडली. या नावाचा अर्थ आवाजांचं घरटं. आणि २०२१मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग प्रथमच आलं, तेव्हा महिलांचं पहिलं सुवर्णपदक मिळालं होनोलुलूत जन्मलेल्या, हवाई वंशाच्या कॅरिसा मूरला. वायकिकीच्या लाटांवरच ती हा खेळ शिकली.

ड्यूक १९६८मध्ये वारला. १९९०मध्ये वायकिकीला त्याचा कांस्य पुतळा बसवला. दोन्ही हात पसरलेले, मागे उंच फळी. लोक त्या हातांत फुलांचे हार घालतात. मात्र पुतळ्याचं तोंड रस्त्याकडे आहे आणि पाठ समुद्राकडे. ड्यूकनं समुद्राला कधी पाठ दाखवली नसती, असं म्हणून तिथल्या जुन्या माणसांनी नाराजी व्यक्त केली.

माझे आजोबाही होडीवरून उतरले की काही पावलं तोंड पाण्याकडे ठेवून मागं मागं चालत यायचे. मी विचारायचो, "दादा, असं उलटं का चालता?" ते म्हणायचे, "मागची लाट अजून यायची आहे ना रे."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)