वॉशिंग्टन, लिंकन आणि आमचा मुलूख

अमेरिकेच्या अध्यक्षांची चरित्रे वाचण्याचा प्रस्तुत लेखकास लहानपणापासून छंद आहे, हे आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. काही वडीलधारी मंडळी त्याबद्दल कौतुकाने, तर काही किंचित थट्टेने विचारतात की, करमाळ्याच्या माणसास वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्याशी काय कर्तव्य? कमलाभवानीच्या देवळाचे शहाण्णव खांब आणि विहिरीच्या शहाण्णव पायऱ्या मोजण्यात ज्याचे बालपण गेले, त्याने सातासमुद्रापलीकडची वंशावळ कशास पाठ करावी? प्रश्न रास्त आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहावे असे मनाने घेतले.

प्रथम काळाचा मेळ घालून पाहू. सन १७७६ च्या ४ जुलै रोजी फिलाडेल्फिया शहरी तेरा वसाहतींनी इंग्रजांचे जू झुगारल्याचा जाहीरनामा काढला, त्या वेळी पुण्यास सवाई माधवराव दोन वर्षांचे मूल होते आणि बारभाईंचा कारभार चालू होता. इंग्रजांशी एकाच सुमारास दोन ठिकाणी युद्ध जुंपले होते : तिकडे वॉशिंग्टनशी आणि इकडे मराठ्यांशी. सन १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउन येथे इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला. आजाराचे निमित्त सांगून तो शरणागतीच्या समारंभास स्वतः गेला नाही. तलवार देण्यास दुय्यम अधिकाऱ्यास पाठविले. पुढील वर्षी सालबाईचा तह होऊन आपल्याकडील युद्धही मिटले. हाच कॉर्नवॉलिस सन १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि सन १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजा त्याच्या दोस्त म्हणून उभ्या होत्या! वॉशिंग्टनने ज्यास पराभूत केले, त्याच्या मदतीस आपण टिपूवर चालून गेलो. इतिहास वाचणाऱ्यास असले योगायोग मोठे गोड वाटतात. पण त्यात एक कडू घोटही आहे. अमेरिकेत गमावलेल्या साम्राज्याची भरपाई इंग्रजांनी कोठे केली, हे आपल्यास सांगावयास नको.

आता अगदी शेजारी येऊ. आपल्या तालुक्यास लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सन १७९५ च्या ११ मार्च रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. करमाळ्याचे रावरंभा निंबाळकर घराणे निजामाच्या पदरचे, तेव्हा या लढाईची धग आपल्या गावास जवळून लागली असणार. त्या दिवशी वॉशिंग्टन अमेरिकेचा अध्यक्ष होता. त्याची दुसरी मुदत चालू होती. खर्ड्याचा विजय म्हणजे मराठी दौलतीचा अखेरचा मोठा एकत्र पराक्रम होय. आणि पुढे काय झाले? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. गादीवर कोणी बसावे यासाठी वर्षभर कारस्थाने चालली. आज एकाचे दत्तविधान, उद्या दुसऱ्याची कैद, असे होत होत सन १७९६ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, सन १७९७ च्या ४ मार्च रोजी, वॉशिंग्टन अध्यक्षपद सोडून आपल्या शेतावर निघून गेला. त्यास कोणी काढले नव्हते. तिसऱ्यांदा निवडून येणे त्यास कठीण नव्हते. त्यापूर्वी, सन १७८३ मध्ये, विजयी सेनेचा सेनापती असतानाही त्याने आपला अधिकार लोकप्रतिनिधींच्या सभेस परत केला होता. नाना फडणवीस बुद्धीने वॉशिंग्टनहून कमी होते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. किंबहुना राजकारणाची सूक्ष्म जाण पाहता ते सरसच ठरावेत. परंतु सत्ता एका हातून दुसऱ्या हातात रक्तपाताविना कशी जावी, याची व्यवस्था आपल्याकडे कोणी लावली नाही आणि त्यांनी ती कागदावर लिहून ठेविली. खर्ड्याचे रणांगण जिंकणाऱ्या दौलतीचा तेवीस वर्षांत अस्त झाला. आणि तो नवा संघ मात्र टिकला. माझ्या आदराचे मूळ येथे आहे.

तथापि आदर म्हणजे आंधळी भक्ती नव्हे. जो वॉशिंग्टन सत्ता सोडू शकला, त्यास माणसे सोडणे आयुष्यभर जमले नाही. माउंट व्हर्नन येथील त्याच्या शेतावर तीनशेंवर गुलाम राबत होते. त्यांपैकी १२३ जण त्याच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांस मुक्त करावे असे त्याने मृत्युपत्रात लिहिले, तेही पत्नीच्या मृत्यूनंतर. सर्व माणसे समान निर्माण झाली असा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनने हयातीत सहाशेंवर माणसे गुलाम म्हणून बाळगली. हा जेफर्सन आणि दुसरा अध्यक्ष जॉन ॲडम्स हे दोघेही सन १८२६ च्या ४ जुलै रोजी, म्हणजे जाहीरनाम्यास बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, निवर्तले. आपल्याकडे असे घडते तर पुराणात कथा झाली असती.

लिंकनची गोष्ट निराळी. केंटकीतील लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत सन १८०९ मध्ये जन्मलेल्या या माणसाचे सारे शालेय शिक्षण मिळून एक वर्षही भरत नाही. तरुणपणी त्याने भागीदारीत दुकान घातले. ते बुडाले, भागीदार मेला आणि कर्ज एकट्याच्या डोक्यावर आले. ते त्याने कित्येक वर्षे राबून फेडले. सावकाराच्या वहीचा धाक ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या होता, त्या मुलखातील वाचकास हा लिंकन, अध्यक्ष लिंकनपेक्षाही, चटकन आपला वाटतो.

सन १८६१ मध्ये त्याने अधिकार घेतला आणि महिना दीड महिन्यात यादवी युद्ध पेटले. गुलामांची संख्या त्या वेळी सुमारे चाळीस लाख होती. सन १८६३ च्या १ जानेवारीस मुक्तीचा जाहीरनामा निघाला, पण तो बंडखोर संस्थानांपुरताच होता. संघाशी एकनिष्ठ राहिलेल्या संस्थानांतील गुलामांस तो लागू नव्हता. आदल्याच वर्षी एका वृत्तपत्राच्या संपादकास लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटले होते की, आपला पहिला हेतू संघ वाचविणे हा आहे. त्यावरून काही पंडित त्यास दोष देतात. मला वाटते, तो पायरी पायरीने चढला, आणि चढत गेला हे महत्त्वाचे. शिवाय गुलामांची मुक्ती ही केवळ त्याच्या लेखणीची करामत नव्हे. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णी सैनिक संघाच्या सेनेत लढले. सन १८६५ च्या एप्रिलात लिंकनचा खून झाला; त्याच वर्षाच्या अखेरीस तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन सर्व देशातील गुलामगिरी कायद्याने संपली.

या युद्धाचा आपल्या घरांवर काय परिणाम झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. इंग्लंडच्या गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई. लिंकनच्या आरमाराने ती बंदरे रोखली. गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. नुकतीच, सन १८६० मध्ये, रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली होती. जेऊरवरून जाणारा तो आपला लोहमार्ग. दख्खनच्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळू लागले. लग्नकार्ये थाटात झाली, बैलजोड्या आल्या, आणि पत वाढली म्हणून सावकाराने कर्जही सढळ दिले. सन १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले आणि इकडे भाव कोसळले. मुंबईच्या शेअर बाजारात मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याची वर्णने आपण वाचतो. खेड्यातील कुणब्याचे काय झाले, त्याचे वर्णन कोणी चवीने लिहिले नाही. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यात तीस वर्षांची जुनी पाहणी संपून सन १८६७ च्या सुमारास सारा वाढविला गेला, तो तेजीच्या हिशेबाने. आणि भरावयाचा होता मंदीत. सन १८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दंग्याची लाट पुणे व नगर जिल्ह्यांत पसरली. पाठोपाठ सन १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला. सन १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांस कर्जातून संरक्षण देण्याचा कायदा केला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाला. अमेरिकेतील गुलाम मुक्त होत असता त्या मुक्तीच्या युद्धाने आमच्या आजोबा-पणजोबांस आधी वर उचलले आणि मग कर्जाच्या खाईत लोटले, ही विलक्षण संगती कोणत्याही शालेय पुस्तकात मी पाहिली नाही.

आणि याच वर्षांत पुण्यातील एका माणसाने त्या युद्धाचा अर्थ सर्वांहून निराळा लावला. जोतीराव फुले यांनी तरुणपणी शिवाजी महाराज आणि वॉशिंग्टन यांची चरित्रे वाचली होती आणि टॉमस पेनच्या ग्रंथाने ते भारले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार या बाई मुलींची शाळा चालवीत. ती शाळा पाहून जोतीरावांस स्फूर्ती मिळाली आणि सन १८४८ मध्ये पुण्यास त्यांची मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही नगरास फरारबाईंकडे झाले. नगर आपल्या उंबऱ्यावरचे. सन १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील सदाचारी लोकांस, गुलामांस दास्यातून सोडविण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल व स्वार्थत्यागाबद्दल, अर्पण केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. अर्पणपत्रिका अध्यक्षांस नाही, लोकांस आहे. माझ्यासारखा अध्यक्षवेडा मनुष्य ती प्रथम वाचतो तेव्हा लिंकनचे नाव शोधतो. ते तेथे नाही. जोतीरावांची नजर खुर्चीवर नव्हती. तिचा उत्तरार्ध तर आपल्याच देशबांधवांस उद्देशून आहे : अमेरिकनांचा हा कित्ता गिरवून त्यांनी शूद्र बांधवांस दास्यातून सोडवावे, अशी त्यात इच्छा आहे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण टाळणे बरे नव्हे. आपण आपल्या ज्ञातीच्या पूर्वजांचा गौरव करतो, गुणवंत मुलांस बक्षिसे देतो, वधूवरांची यादी छापतो. हे सर्व योग्यच. परंतु आपल्या वरच्याने आपणांस काय केले याची जशी आपण नोंद ठेवतो, तशी आपण आपल्या खालच्यास काय केले याची कोणत्या वहीत नोंद आहे? गावच्या पाणवठ्याचा इतिहास कोणी लिहिला आहे काय?

जोतीरावांनी अमेरिकेस थोडे अधिक श्रेय दिले असेही म्हणता येईल. सन १८७७ नंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा हिरावले गेले आणि ते कायद्याने परत मिळण्यास सन १९६४ व १९६५ ही साले उजाडावी लागली. पंडिता रमाबाईंनी तो देश डोळ्यांनी पाहिला. सन १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. सन १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्या देशाची राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांविषयी इतके भरीव पुस्तक त्या काळी एका मराठी स्त्रीने लिहावे, ही अभिमानाची गोष्ट होय. आपल्या भगिनीमंडळाने ते अवश्य मिळवून वाचावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर सन १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. जातिसंस्थेवरील त्यांचा पहिला निबंध तेथेच, सन १९१६ च्या मे महिन्यात, वाचला गेला. सन १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे पुढारी डू बॉइस यांस पत्र लिहून, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत पाठवा, अशी मागणी केली. जोतीरावांनी मालकांच्या देशातील सज्जनांस धन्यवाद दिले होते. बाबासाहेबांनी सरळ त्या देशातील पीडितांशी पत्रव्यवहार केला. मधल्या त्र्याहत्तर वर्षांत पडलेला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, सन १९४८ च्या ४ नोव्हेंबर रोजी घटनेचा मसुदा मांडताना, त्यांनी सभासदांस समजावून सांगितले की, आपल्या राष्ट्रपतीचे आणि अमेरिकेच्या अध्यक्षाचे नावाखेरीज काही साम्य नाही. तेथे कारभार अध्यक्षाच्या हाती असतो, येथे तो लोकसभेस जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाच्या हाती राहील. स्थैर्य आणि जबाबदारी या दोहोंपैकी त्यांनी जबाबदारीस झुकते माप दिले. वॉशिंग्टनच्या खुर्चीचा इतका जवळून अभ्यास केलेल्या माणसाने ती खुर्ची आपल्याकडे आणली नाही.