गाणं राहिलं, चिंधी राहून गेली

हळदीला 'जैत रे जैत'मधलं गाणं लागलं की आमच्या उंबरमाळीत म्हाताऱ्याही उठून नाचतात. गाणं कुठलं विचारलं, तर "जुनं हाय" एवढंच सांगतात.

सिनेमा १९७७ चा. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. पैसा उभा करणारी निर्माती बाई, उषा मंगेशकर. हे मला फार आवडतं. गाणी ना. धों. महानोरांची. ते काही ठाकर नव्हते, तिकडे अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे शेतकरी. तरी आपल्या ठाकरवाड्यांना ती आपलीच वाटली.

गोष्ट मात्र किती जणींना ठाऊक आहे? स्मिता पाटीलची चिंधी नको असलेला नवरा सोडून नाग्याकडे येते. लिंगोबाच्या डोंगरावरची आग्यामोहळं उठवायची त्याची जिद्द. ही त्याच्या बरोबरीनं उभी राहते. जैत म्हणजे जिंकणं. नाग्या जिंकतो. चिंधी मरते.

गेल्या हळदीला नवरा सोडून माहेरी आलेली एक बाई मांडवाबाहेरच उभी होती. कुणी आत बोलावलं नाही, मीही नाही. आत त्याच सिनेमातलं गाणं वाजत होतं.